गवतावरचे पॅराशूट

पेपरवाले येतात ते माझ्या भावाच्या लढाईची गोष्ट ऐकायला. जावाच्या समुद्रावर सादिरानने जपानी जहाजावर कसा सूर मारला, परत आला तेव्हा विमानाच्या पंखाची कशी चाळण झाली होती, हे सगळे त्यांना हवे असते. मी त्यांना केळीच्या पानात पेचेल वाढते आणि सांगते, ते त्यालाच विचारा. रविवारी येतो तो इथे, चटणी फार तिखट झाली म्हणून भांडायला. मला विचाराल तर माझा भाऊ लढाईच्या कितीतरी आधीच जिंकला होता. या कुंपणापलीकडच्या गवतात जिंकला, आणि तेव्हा विमानाचे इंजिनसुद्धा सुरू झालेले नव्हते.

मी लासियेम. तिर्तोसारीच्या विमानतळाला खेटून माझी टपरी आहे. उकडलेला पाला, त्यावर शेंगदाण्याची चटणी, सोबत कुरकुरीत पापड, हेच आमचे पेचेल; एवढेच मी विकते आणि एवढ्यावरच आमचे घर उभे राहिले. टपरी आधीची, विमानतळ नंतरचा. तिथे पूर्वी सगळा ऊस होता. हॉलंडात म्हणे मोठा वाद चालला होता, जावा राखायला अवाढव्य जहाजे बांधायची की विमाने घ्यायची. बडे बडे लोक जहाजांच्या बाजूचे होते. तरी कोणाची तरी अक्कल ठिकाणावर होती आणि जहाजांचा पैसा विमानांना गेला. कधी कधी खलबत्त्यात शेंगदाणे कुटताना मनात येते, उलटे झाले असते तर? तर इथे ऊसच डोलत राहिला असता, सादिरान साखर कारखान्यात चाकांना तेल घालत बसला असता, आणि जपान्यांनी आठवड्याभरात अख्खे बेट गिळून ढेकर दिला असता.

पण तसे झाले नाही. ऊस कापला गेला, जमीन सपाट झाली आणि खोक्यांत भरून विमाने यायला लागली. इतकी आली की ती उडवायला गोरी माणसे पुरेनात. मग सरकारला आठवले की या बेटावर आणखीही माणसे राहतात. आधी मेकॅनिक म्हणून आमची पोरे घेतली, मग नाइलाजाने त्यांतल्या निवडक पोरांना उडायला शिकवले. सादिरान त्यांत पहिला. पहिल्यांदा एकटा उडून आला तेव्हा माझ्या टपरीवरून तीनदा गिरकी मारली आणि माझ्या चटणीत धूळच धूळ केली. मी खालून पळी उगारली होती. पण डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते, ते काही त्याला वरून दिसले नाही.

आता आमच्या बाबांचे सांगते, कारण गोष्ट त्यांच्या गुडघ्यांची आहे.

बाबा, म्हणजे कार्सो, तिर्तोसारीच्या बुपातींकडे घोड्यांच्या पागेत नोकर होते. बुपाती म्हणजे आमच्या जिल्ह्याचे धनी. वर डच सरकार असेल, पण आमच्या मानेवर पाय यांचाच. त्यांच्या वाड्यात नोकराने उभ्याने चालायचे नाही. फाटकातून आत शिरले की उकिडवे बसायचे आणि तसेच बसल्या बसल्या एकेक पाय पुढे टाकत अंगण ओलांडायचे. समोर पोचले की हात जोडून नाकाशी न्यायचे. परत फिरताना पाठ दाखवायची नाही, उकिडवेच मागे मागे सरकत बाहेर यायचे. धन्याच्या डोक्यापेक्षा आपले डोके कधी वर जाता कामा नये. बाबांनी उभा जन्म तसा काढला. घरी आले की पायरीवर बसून तेल चोळायचे, आणि उठताना त्यांच्या गुडघ्यांचा असा आवाज यायचा की कोंबड्या दचकायच्या. सादिरानलाही लहानपणी त्यांनी तसे चालायला शिकवले होते. तो छान चालायचा, एखाद्या बदकाच्या पिल्लासारखा. वाड्यातल्या बायका हसायच्या, बाबांना कौतुक वाटायचे. मला मात्र त्या हसण्याचा तेव्हाही राग यायचा.

तर झाले असे की विमानतळ वाढवायचा होता. त्यासाठी आणखी जमीन हवी होती, भरतीसाठी आणखी पोरे हवी होती, आणि गावे दोन्ही द्यायला तयार नव्हती. आकाशात उडणाऱ्या पत्र्यात पोराला बसवायला कोणती आई तयार होईल? इथला कॅप्टन पायदळातून आलेला, स्वतः विमानात बसला की ओकायचा. पण डोके चालायचे त्याचे. त्याने ठरवले की खुद्द बुपातींना सगळ्यांदेखत विमानातून फिरवून आणायचे. बुपाती वर जाऊन खाली आले की रयतेची भीती जाईल. बुपातींनाही हौस होती. शेजारच्या जिल्ह्याच्या बुपातींनी नवी मोटार घेतल्यापासून यांच्या पोटात दुखतच होते. त्यांनी लगेच होकार दिला आणि मोटारवाल्यांना बघायला या म्हणून आमंत्रणही धाडले.

बुपातींना कोण नेणार? कॅप्टन म्हणाला, आमचा सगळ्यात चांगला देशी वैमानिक, सादिरान.

दुसऱ्याच दिवशी वाड्यातून कारभारी आले. हा माणूस असा की याच्या मिशीलाही आपण सरदार आहोत असे वाटायचे. विमान बघून त्यांनी कपाळाला हात लावला. त्या विमानात उडवणारा पुढे बसायचा आणि पाहुणा मागे. पुढची बैठक वीतभर उंच. म्हणजे पागेतल्या कार्सोचा पोरगा बुपातींकडे पाठ करून, त्यांच्यापेक्षा उंच बसणार! बरीच घासाघीस झाली. शेवटी कारभाऱ्यांनी सांगितले, हवेतले आम्ही पोटात घालू, पण जमिनीवर रीत पाळलीच पाहिजे. पोराने हँगरपासून विमानापर्यंत उकिडवे चालत यावे आणि बुपातींना हात जोडावेत.

सादिरान दुपारी टपरीवर आला तेव्हा त्याचा चेहरा पाहूनच मी ओळखले. बाबाही होते. त्यांना वाड्यावरून आधीच कळले होते.

"मी नाही चालणार तसा," सादिरान म्हणाला.

"कॅप्टन काय म्हणाला?" मी विचारले.

"म्हणाला, बुपाती रुसून गेले तर जमीन नाही, भरती नाही. देशी माणसाच्या हाती विमान देऊ नका म्हणणारे टपूनच बसलेत, त्यांना निमित्त मिळेल. तू परत साखर कारखान्यात जाशील, आणि तुझ्यामागून बाकीचेही."

"मग झालं तर!" बाबा म्हणाले. "लेका, केवढं ते अंतर! मी रोज त्याच्या कितीतरी पट चालतो. झिजतो का मी?"

"झिजलात की, बाबा. उठून दाखवा बरं हात न टेकता."

मी सादिरानच्या पाठीत धपाटा घातला, पण त्यात जोर नव्हता.

"तुला काय वाटतं, मला हौस आहे?" बाबा म्हणाले. "तू वर उडतोस तेव्हा मी पागेच्या दारात उभा राहून बघतो. सगळ्यांना सांगतो, तो बघा माझा. ते बंद होऊ देऊ नकोस रे. थोडं वाकलास म्हणून तुझं विमान छोटं होणार आहे का?"

सादिरान पानातला पाला नुसता चिवडत बसला.

वाट काढली ती कॅप्टननेच. वैमानिकाच्या पाठीमागे पॅराशूटची गादी लटकते, पार पोटरीपर्यंत. चालताना ती मागून आपटते, आणि उकिडवे बसले तर सरळ जमिनीवर घासते. घासलेले, ओल लागलेले पॅराशूट वापरायचे नाही असा त्यांचा नियमच आहे. कॅप्टनने कारभाऱ्यांना निरोप धाडला की पोराची फार इच्छा आहे हो, पण या गादीमुळे बसता येत नाही, रीत बुडते त्याबद्दल माफी असावी. कारभाऱ्यांनी मान डोलावली. दोन्हीकडची अब्रू राहिली. मला तर इतका आनंद झाला की त्या दिवशी मी सगळ्यांच्या पानात चटणी जास्त वाढली.

"सुटलास बाबा एकदाचा," मी सादिरानला म्हटले. "गादीच्या नावाने दिवा लाव."

"ताई, आज गादी आहे," तो म्हणाला. "उद्या ती काढून ठेवल्यावर काय सांगू?"

"उद्याचं उद्या! तू तोंड बंद ठेव म्हणजे झालं. जमेल ना तेवढं?"

तो हसला. मला ते हसणे मुळीच आवडले नाही.

ठरल्या दिवशी सकाळी सकाळीच सगळा जिल्हा लोटला. मेकॅनिक पोरांनी विमानाच्या नाकावरच्या पंख्याखाली नैवेद्य म्हणून फुलांचे तबक आणि पिवळ्या भाताची मूद ठेवली होती. एका बाजूला खुर्च्या मांडलेल्या, त्यांवर कॅप्टन आणि शेजारच्या जिल्ह्याचे मोटारवाले बुपाती. सुराबायाहून फोटोग्राफर आलेला. आमचे बुपाती सोनेरी छत्रीखाली आले, कमरेपासून घोट्यापर्यंत घट्ट गुंडाळलेले बाटिक, पाठीला खंजीर, आणि डोक्यावरच्या पागोट्यावर चक्क वैमानिकाचा चष्मा! त्यांचा नोकरवर्ग रांगेने गवतात उकिडवा बसला. कारभाऱ्यांनी आमच्या बाबांना मुद्दाम सगळ्यांत पुढे, विमानाच्या वाटेला लागून बसवले होते. पोराला येताना बाप दिसावा म्हणून. मी कुंपणाशी होते, सगळे दिसत होते आणि ऐकूही येत होते.

सादिरान हँगरमधून निघाला. ताठ चालत आला, पाठीमागे ती गादी आपटत. लोकांत कुजबूज झाली. तेवढ्यात कारभारी पुढे झाले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "न्दोरो, धनी, हा आपल्या पागेतल्या कार्सोचा मुलगा. याच्या पाठीवरच्या ओझ्यामुळे याला रीतीप्रमाणे येता येत नाही. नाहीतर हाही आपल्या बापासारखाच आपल्या पायाची धूळ आहे. त्याच्या वतीने मी क्षमा मागतो."

झाले होते. आता सादिरानने फक्त गप्प राहायचे होते. मी कुंपणाची तार घट्ट धरली आणि मनातल्या मनात म्हणत होते, गप्प बस मेल्या, गप्प बस.

सादिरान थांबला. त्याने छातीवरचा बक्कल उघडला, पट्टे पायांतून काढले आणि ते पॅराशूट बाबांच्या समोरच गवतावर नीट ठेवले.

"न्दोरो, ओझं काढलं," तो म्हणाला. आवाज चढवलेला नव्हता. "आता मला बसायला काही अडचण नाही. पण मी उभाच राहणार. मला उकिडवं चालायचं नाही, म्हणून चाललो नाही. कारभाऱ्यांनी माझ्या वतीने माफी मागितली, ती मी मागितलेली नाही."

बाबांनी मान खाली घातली होती, ती आणखी खाली गेली. कॅप्टन लालबुंद होऊन धावत आला.

"दार्मुजी!" तो दुसऱ्या देशी वैमानिकावर ओरडला. "तू चल! तू ने त्यांना!"

दार्मुजी जागचा हलला नाही. "नेतो की, साहेब," तो म्हणाला. "पण मीसुद्धा उभ्यानेच येईन."

डच वैमानिक दोनच होते, आणि ते बंदरावर आलेली नवी विमाने आणायला गेले होते. कॅप्टनने एकदा विमानाकडे पाहिले, एकदा स्वतःच्या पोटाकडे पाहिले आणि तो तिथेच थांबला. बुपाती वळले. छत्रीवाला वळला. कारभारी घोडागाडी पुढे आणायला हाका मारू लागले. संपले सगळे, मला वाटले. विमान गेले, पोरगा चालला परत चाकांना तेल घालायला. मला त्याचा इतका राग आला होता, आणि इतका अभिमान वाटत होता, की मी तार चावत होते का काय कोण जाणे.

तेवढ्यात खुर्चीवरून मोटारवाले बुपाती गोड आवाजात म्हणाले, "राहू द्या हो दादा. या वयात सगळ्यांना थोडंच झेपतं? मी जाऊन येतो हवं तर. मला पोरं कशी चालतात त्याचं काही नाही. फोटोवाला थांबलाय बिचारा."

आमचे बुपाती थांबले. मागे न बघता त्यांनी पाठीचा खंजीर काढून कारभाऱ्यांच्या हातात कोंबला.

"कोण म्हणतं मी जात नाही?" ते गरजले. "चल रे! कुठे बसायचं?"

घट्ट बाटिकमुळे त्यांना पाय वर टाकता येईना. चार माणसांनी उचलून त्यांना मागच्या जागेत ठेवले. पॅराशूट तर त्यांना चढवताच येईना, पट्टे पायांमधून घ्यावे लागतात ना. कॅप्टनने सादिरानचे गवतावरचे पॅराशूट त्याच्यासमोर धरले. त्याने ते परत बाबांसमोर होते तिथेच ठेवले.

"मागच्या माणसाला नाही, तर मलाही नको," तो म्हणाला आणि पुढे, वीतभर उंच, पाठ करून बसला.

विमान निघाले तसा छत्रीवालाही छत्री धरून शेजारून पळायला लागला. त्याला कोणी थांब म्हटलेच नव्हते! धूळ खात, ठेचकाळत धावपट्टीच्या अर्ध्यापर्यंत पळाला बिचारा, मग विमान उचलले गेले आणि तो छत्रीसकट खाली बसला. जमावात पहिल्यांदा हशा पिकला.

लोक अजून मला विचारतात, तुझ्या भावाने वर गेल्यावर मुद्दाम हिसके दिले ना? नाही दिले. अंडी नेतात तसे त्यांना नेऊन आणले त्याने. मी स्वतः बघत होते, एकदाही विमान फार कलले नाही. पण आकाश ते आकाश.

विमान उतरले. पंखा थांबल्यावर सादिरान खाली उतरला आणि बाजूला उभा राहिला. मग बुपाती निघाले. त्या विमानातून उतरायची रीत एकच आहे, मग तुम्ही कोणीही असा. पंखावर उकिडवे बसायचे, लोकांकडे पाठ करायची आणि एकेक पाय मागे मागे सरकवत खाली यायचे. बुपाती तसे आले. बाटिक गुडघ्यांशी आवळलेले, पागोटे तिरके, उकिडवे, मागे मागे. साऱ्या जिल्ह्याने पाहिले. आणि जमिनीला पाय लागले तर पायांत जीवच नव्हता. ते तसेच पंखाजवळ गवतात उकिडवे बसून राहिले.

आता आली पंचाईत! न्दोरो स्वतःच जमिनीला टेकलेले, आणि नोकरांची डोकी त्यांच्या डोक्याच्या बरोबरीला. कारभारी भेदरून खेकसले, "खाली! खाली व्हा सगळे!" सगळी रांग कोपरांवर आली. आणखी खाली. नाके गवतात खुपसली. स्वतः कारभारी खंजीर छातीशी धरून पोटावर पालथे.

बाबांनीही खूप धडपड केली. मी बघत होते. ते वाकले, हात टेकले, पण गुडघे वळेनात. ते एका अंगावर कलंडले, परत सावरले. कारभाऱ्यांनी गवतातूनच मान वळवली. "कार्सो! ऐकू येत नाही का? खाली!"

"अजून किती खाली जायचं, कारभारी?" बाबा म्हणाले. एवढ्या मोठ्याने बोलताना मी त्यांना कधीच ऐकले नव्हते. "याच्याखाली जागा नाही."

आणि ते उठले. समोर गवतावर पडलेल्या पॅराशूटवर हात टेकून उठले. गुडघ्यांचा तो आवाज मला कुंपणापर्यंत आला. सगळी रांग पालथी, धनी उकिडवे, आणि मधोमध दोनच माणसे उभी होती, माझा बाप आणि माझा भाऊ. सादिरान पुढे आला नाही, आधारही दिला नाही. लागतच नव्हता.

फोटो छापून आला. त्यात बुपाती विमानात बसलेले, चष्मा लावलेले, आणि पुढे सादिरानची पाठ. मोटारवाल्यांनी म्हणे तो फोटो पाहून दोन दिवस जेवण टाकले. ज्या उड्डाणाची एवढी कीर्ती झाली ते उडवणाऱ्याची तक्रार बुपाती कोणत्या तोंडाने करणार? जमीन मिळाली, भरती झाली. कॅप्टन सादिरानला काहीच बोलला नाही. बोलून करतो काय? बंदरात विमाने उतरतच होती आणि ती उडवायला माणसे हवी होती. त्यानंतर या तळावर कोणाही देशी वैमानिकाला कोणासमोर बसून चालायला कोणी सांगितले नाही. पुढे लढाई आली तेव्हा ते ताठ चालतच विमानांत चढले, आणि लढाई संपल्यावर डच साहेब पुन्हा पहिल्यासारखी मालकी सांगू लागले तेव्हा त्यांना अडवायला धावपट्टीवरही तेच उभे होते.

किंमत मोजली ती बाबांनी. त्याच संध्याकाळी पागेतून त्यांची उचलबांगडी झाली. चाळीस वर्षांची चाकरी, आणि जाताना त्यांच्या घोड्यांच्या अंगावरून हातही फिरवू दिला नाही. त्याचे मला आजही वाईट वाटते. ते घोड्यांसाठी रडले, आपल्यासाठी नाही.

मग ते टपरीवर बसू लागले. खाली चटईवर नाही, गिऱ्हाइकांच्या बाकावर, पाय सोडून. पहिले काही दिवस त्यांना अवघडल्यासारखे व्हायचे, सारखे कडेला सरकायचे. मग सवय झाली.

एका दुपारी कारभारी आले. विमानतळावर काही काम होते, भूक लागली होती, आणि आसपास दुसरे दुकान नव्हते. टपरीसमोर उभे राहून ते वाट बघू लागले. कशाची, ते आम्हा सगळ्यांना कळत होते. बाकावर बाबा होते, आणि रीतीप्रमाणे त्यांनी उतरून खाली बसायला हवे होते. गिऱ्हाइके खायची थांबली. माझ्या हातातली पळी तशीच राहिली.

बाबांनी त्यांच्याकडे पाहिले. मग बाकावर जरासे बाजूला सरकले.

"बसा," ते म्हणाले. "जागा आहे."